किलोमीटर सांगा, मुक्काम कशाला?

फुलसावंगीसारख्या गावात चारचाकी रोज रस्त्यावर येत नाही. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती आठ-आठ दिवस घरासमोर ताडपत्रीखाली उभी असते. मग कधी महागावला तहसीलचे काम निघते, कधी पुसदच्या बाजारात जायचे असते, कधी माहूरला रेणुकामातेचे दर्शन, लग्नसराईत उमरखेड. आणि घरात कुणी आजारी पडले, की यवतमाळ नाहीतर नांदेडचा दवाखाना. अशी गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरली तरी पुष्कळ झाले. पण विम्याच्या हप्त्याला हे ठाऊक नसते. शहर आणि गाव अशा विभागणीने पडणारा थोडा फरक सोडला, तर पुण्यात रोज हिंजवडीला जाऊन-येऊन करणाऱ्या त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाडीइतकाच हप्ता महागाव तालुक्यातल्या या गाडीलाही बसतो.

यावर उपाय म्हणून भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, जुलै २०२२ मध्ये विमा कंपन्यांना एक नवी मुभा दिली. गाडी किती चालते (‘पे ॲज यू ड्राइव्ह’) आणि कशी चालवली जाते (‘पे हाऊ यू ड्राइव्ह’) यावर हप्ता ठरवणाऱ्या जोड-योजना कंपन्यांना विकता येतील, अशी ती परवानगी होती. त्याआधी दोन वर्षे काही कंपन्यांनी प्रायोगिक तत्त्वावर अशा पॉलिसी आणल्या होत्या. आता गो डिजिट, बजाज, न्यू इंडिया ॲश्युरन्स, झुनो अशा अनेक कंपन्यांकडे ‘कमी चालवा, कमी भरा’ या धर्तीच्या योजना आहेत, आणि नूतनीकरणाच्या वेळी एजंट त्या सुचवू लागले आहेत.

कल्पना न्याय्य आहे यात वाद नाही. प्रश्न असा, की गाडी किती चालली हे कंपनीला कळणार कसे? आणि ते कळता कळता तिला आणखी काय काय कळणार?

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण सवलत नेमकी कशावर मिळते याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील इंजिनाला ७,८९७ रुपये. गाडी वर्षभर दाराशी उभी राहिली तरी यातला एक रुपया कमी होत नाही. सवलत मिळते ती दुसऱ्या भागावर, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. समजा १२०० सीसीच्या गाडीचा हा दुसरा भाग सहा हजार रुपयांचा आहे आणि कमी वापराबद्दल त्यावर पंधरा टक्के सूट मिळाली. तर वाचले नऊशे रुपये. करापूर्वीचा एकूण हप्ता ९,४१६ वरून ८,५१६ वर आला. नऊशे रुपये काही थोडे नव्हेत, पण त्यांच्या बदल्यात काय द्यायचे हे ठरवताना आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा.

अंतरावर विमा आकारण्याचा विचार जुनाच आहे. पुढे १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले विल्यम विक्री यांनी १९६८ सालीच म्हटले होते, की विम्याचा खर्च गाडीच्या वापराशी जोडला पाहिजे. त्यांची एक सूचना तर मजेशीर होती: विमा टायरबरोबर विका. जो जास्त फिरेल त्याचे टायर लवकर झिजतील, तो नवे घेईल आणि आपोआप विम्याचे जास्त पैसे भरेल. गुळगुळीत टायरवर आणखी दोन वर्षे गाडी रेटणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही टायरवाल्याला लगेच सुचेल. पण त्या सूचनेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यात गाडीवर नजर ठेवायची गरजच नव्हती.

अंतर आणि अपघात यांचा संबंध पुढे आकडेवारीनेही दिसला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या जोसेफ फरेरा आणि एरिक मिनिकेल यांनी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील जवळपास तीस लाख गाड्यांच्या नोंदी तपासल्या. गाडी जितकी जास्त चालते तितके विम्याचे दावे वाढतात, हे त्यात स्पष्ट झाले. मात्र वाढ सरळ प्रमाणात नव्हती. दुप्पट चालणाऱ्या गाडीचे दावे दुपटीपेक्षा कमीच भरले. याचे एक संभाव्य कारण असे, की जास्त किलोमीटर बहुधा महामार्गावरचे असतात आणि सतत चालवणाऱ्याचा हातही बसलेला असतो. या अभ्यासासाठी गाड्यांचे अंतर कुठून मिळाले? राज्यात दरवर्षी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत लिहून घेतलेल्या मीटरच्या आकड्यांवरून. म्हणजे तीस लाख गाड्यांची जोखीम ठरवायला उपग्रह लागला नाही, वर्षातून एकदा टिपलेला आकडा पुरला.

मीटर, डबी, फोन आणि गाडी स्वतः

आज विमा कंपनीला गाडीचे अंतर कळण्याच्या मुख्यतः चार वाटा आहेत, आणि गोपनीयतेच्या दृष्टीने त्या चारींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सर्वांत साधी वाट मीटरची. पॉलिसी घेताना गाडीतील ओडोमीटरचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ पाठवायचा, वर्षअखेरीस किंवा दावा करताना पुन्हा एकदा. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे वर्षभराचे अंतर. ओडोमीटर चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून अंतर मोजतो. पूर्वी त्यासाठी केबल आणि दातेरी चकत्या असत, आता सेन्सरचे ठोके मोजले जातात. गाडी कुठे गेली याचा त्याला पत्ता नसतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘मीटर मागे फिरवणे’ हा प्रकार चालतो म्हणून कंपन्यांना फोटोवर पूर्ण भरवसा वाटत नाही, आणि ती शंका अगदीच निराधार नाही.

दुसरी वाट डबीची. अलीकडच्या गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते. गॅरेजवाला तिथेच आपले यंत्र जोडून इंजिनातला दोष वाचतो. तिचे नाव ओबीडी पोर्ट. विमा कंपनीची काडेपेटीएवढी डबी या खाचेत बसते, गाडीकडूनच वीज घेते आणि आतल्या सिमकार्डावरून माहिती पाठवत राहते. गंमत म्हणजे यातल्या अनेक डब्या गाडीचा ओडोमीटर वाचतच नाहीत. त्या क्षणाक्षणाचा वेग घेतात आणि वेळेने गुणून अंतर काढतात, किंवा जीपीएसचे बिंदू जोडत जातात. म्हणजे एक आकडा मिळवण्यासाठी हजारो आकडे गोळा होतात.

तिसरी वाट खिशातल्या फोनची. ॲप डाउनलोड करायचे, लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यायची, बाकी सगळे फोन करतो. जीपीएसवरून जागा आणि वेग, त्वरणमापकावरून जोराचे ब्रेक आणि वळणे, शिवाय गाडी चालवताना फोन हातात घेतला होता का, हेही. पण फोन गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तोच माणूस एसटीने पुसदला गेला, तर गाडी तो चालवत होता की खिडकीशी बसला होता, हे ओळखताना अशी ॲप चुकू शकतात.

चालवण्याची पद्धत मोजताना तर आणखी गोंधळ. अमेरिकेतील प्रोग्रेसिव्ह या मोठ्या विमा कंपनीच्या पद्धतीत एका सेकंदात वेग ताशी सात मैलांनी, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरने उतरला, की ‘जोराचा ब्रेक’ अशी नोंद होते. आता रात्री पैनगंगेच्या बाजूच्या रस्त्याने येताना रोही आडवा आला आणि चालकाने कचकन ब्रेक दाबून स्वतःला, गाडीला आणि त्या जनावराला वाचवले, तर ते कौशल्य की बेदरकारपणा? सेन्सरला फक्त आकडा दिसतो, रोही दिसत नाही.

चौथी वाट गाडीचीच. साधारण २०१९ पासून आपल्या बाजारात इंटरनेट जोडलेल्या गाड्या आल्या. ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर यांची जाहिरातच त्या नावावर झाली. अशा गाडीत सिम आधीपासून बसवलेले असते आणि वेग, जागा, इंधन, दरवाजे अशी माहिती ती थेट निर्मात्याकडे पाठवू शकते. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये जगातील पंचवीस मोटार ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली. एकही ब्रँड उत्तीर्ण झाला नाही.

सहाशे चाळीस प्रवासांची वही

ही शेवटची वाट कुठवर जाऊ शकते हे अमेरिकेत दिसले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका गाडीमालकाची हकिगत छापली. त्याचा हप्ता एकदम एकवीस टक्क्यांनी वाढला. कारण शोधताना त्याने लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला. आला तो २५८ पानांचा. त्याने आणि त्याच्या बायकोने सहा महिन्यांत केलेल्या ६४० प्रवासांची सुरुवात, शेवट, अंतर, वेग, ब्रेक असे सारे त्यात होते. माहिती पुरवली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीवरची कारवाई जाहीर केली. काही गाड्यांची जागा दर तीन सेकंदांनी टिपली जात होती आणि ग्राहकांची स्पष्ट संमती न घेता माहिती पुढे विकली जात होती, असा आयोगाचा आरोप होता. अशी माहिती ग्राहकांची पत आणि जोखीम ठरवणाऱ्या संस्थांना देण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई करण्यात आली.

त्या २५८ पानांत गाडी ‘कुठे’ गेली हे मात्र नव्हते. मग फार बिघडले नाही, असे वाटेल. पण रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की जागा ठाऊक नसली तरी घराचा पत्ता आणि क्षणाक्षणाचा वेग एवढ्यावर गाडीचा मार्ग बऱ्याचदा शोधता येतो. वळणावर वेग उतरतो, चौकात शून्य होतो, मोकळ्या रस्त्यावर वाढतो; हा चढउतार नकाशावरच्या रस्त्यांशी जुळवत गेले की वाट सापडते. त्यांच्या नमुन्यांतील सुमारे चौथा हिस्सा प्रवासांचे शेवटचे ठिकाण पाचशे मीटरच्या आत ओळखता आले. शहरात शेकडो गल्ल्यांतून हे साधले. ज्या गावातून बाहेर पडणारे पक्के रस्ते बोटांवर मोजण्याइतके आहेत, तिथे हे काम आणखी सोपे होणार हे वेगळे सांगायला नको.

नाव काढून टाकले म्हणजे माहिती निनावी होते, हा दावाही असाच तपासून घ्यावा लागतो. इव्ह-अलेक्झांडर द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पंधरा लाख मोबाइलधारकांच्या हालचालींचा अभ्यास केला. कोण कोणत्या वेळी कुठल्या टॉवरजवळ होता याचे अवघे चार बिंदू कळले, तरी ९५ टक्के माणसे त्या गर्दीतून वेगळी काढता येत होती. रात्री जिथे गाडी उभी असते ते घर. दिवसा जिथे असते ती शाळा, दुकान किंवा कचेरी. नावाची पाटी नंतर लावायला फार वेळ लागत नाही.

दवाखान्यासमोर उभी असलेली गाडी

हे सारे आरोग्याच्या स्तंभात कशासाठी, असा प्रश्न पडला असेल. त्याचे उत्तर सुरुवातीला आलेल्या दवाखान्याच्या फेरीत आहे. गावातली गाडी ज्या कामांसाठी हमखास बाहेर निघते त्यांत आजारपण वरच्या क्रमांकावर असते. दर एकवीस दिवसांनी नांदेडच्या एखाद्या रुग्णालयासमोर पाच-सहा तास उभी राहणारी गाडी म्हणजे बहुधा घरात कुणाची केमोथेरपी सुरू आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ठरावीक वेळी यवतमाळला जाऊन चार तासांनी परतणारी गाडी डायलिसिसकडे बोट दाखवते. मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना, वंध्यत्व उपचार केंद्र, टीबीचे औषध मिळणारे केंद्र, व्यसनमुक्ती केंद्र; लोक या गोष्टी शेजाऱ्यांपासूनही जपून ठेवतात. फोनमधला जीपीएस मोकळ्या आभाळाखाली काही मीटरच्या अचूकतेने जागा सांगतो. कोणत्या रुग्णालयासमोर गाडी थांबली हे ओळखायला तेवढे पुष्कळ झाले.

आपल्याकडे मोटारीचा विमा विकणाऱ्या बहुतेक मोठ्या साधारण विमा कंपन्या आरोग्य विमाही विकतात. एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर जाते असा पुरावा कुणी मांडलेला नाही, आणि तसा आरोप इथे करायचाही नाही. पण जी माहिती गोळाच केली नाही, ती दुसऱ्या टेबलावर जाऊ शकत नाही, चोरीला जाऊ शकत नाही आणि विकलीही जाऊ शकत नाही. सरकारी नोंदींचेही उदाहरण आहेच. वाहन नोंदणीची माहिती खासगी कंपन्यांना शुल्क घेऊन देण्याचे धोरण केंद्राने २०१९ मध्ये आणले आणि गोपनीयतेच्या व गैरवापराच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये मागे घेतले. धोरण मागे घेता येते. दिलेली माहिती परत घेता येत नाही.

आणखी एक बाब शहरातल्या योजनाकारांच्या ध्यानात सहसा येत नाही. गावात एक गाडी म्हणजे एकाची गाडी नसते. धाकटा भाऊ नेतो, जावई नेतो, शेजारची बाळंतीण न्यायची असेल तर रात्री दोन वाजता किल्ली मागितली जाते आणि दिलीही जाते. संमतीच्या चौकटीवर टिचकी एकाने मारलेली असते. नोंद मात्र सगळ्यांची होते, आणि रात्री दोनची ती फेरी ‘रात्रीचे धोकादायक ड्रायव्हिंग’ या सदरात जमा होऊ शकते.

कायदा यात काय म्हणतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्यात सामान्य माणसाच्या उपयोगाचे एक उदाहरण खुद्द कलमाखालीच दिले आहे: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाकडे फोनमधील संपर्कांची यादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटले, तरी ती यादी सल्ल्यासाठी गरजेची नसल्याने संमती तिला लागू होत नाही. हाच न्याय लावला तर केवळ किलोमीटर मोजण्याच्या पॉलिसीसाठी जागेची माहिती गरजेची आहे का, हा प्रश्न ग्राहकाला विचारता येतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे आणि दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही हा कायदा सांगतो.

कॅलिफोर्नियाने तर हा प्रश्न मुळातच कापून टाकला. तिथे विम्याचा हप्ता ठरवताना वर्षाचे अंतर विचारात घेणे कंपन्यांना बंधनकारक आहे, पण अंतर पडताळण्यासाठी बसवलेल्या यंत्राने गाडीची जागा टिपू नये, असा नियम आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ पद्धत आहे. गाडीचे काम करणाऱ्या गॅरेजला मीटरचा आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवावा लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतला मीटरचा आकडा नंबर टाकून कुणालाही पाहता येतो. यातही थोडा खासगीपणा जातो हे खरे, पण ‘गाडी बारा हजार किलोमीटर चालली’ आणि ‘गाडी मंगळवारी सकाळी दहा वाजता अमुक डॉक्टरांकडे होती’ यांची तुलनाच होत नाही. आपल्याकडे पीयूसी काढताना नंबर प्लेटचा फोटो घेतलाच जातो. त्याच वेळी मीटरचा आकडाही नोंदवला, तर विमा कंपन्यांना खात्रीची नोंद मिळेल, जुन्या गाड्यांच्या बाजारातली मीटर मागे फिरवण्याची हातचलाखी उघडी पडेल आणि कुणाच्याही मागावर राहावे लागणार नाही.

तोवर नूतनीकरणाच्या वेळी एजंटला काही गोष्टी थेट विचाराव्यात. अंतर फोटोवरून घेणार, डबीतून की ॲपमधून? योजना फक्त अंतराची आहे की चालवण्याच्या पद्धतीचीही? ठरलेले किलोमीटर संपल्यावर गाडीला अपघात झाला तर दावा पूर्ण मिळेल, कापून मिळेल की जादा किलोमीटर आधी विकत घ्यावे लागतील? याचे उत्तर प्रत्येक योजनेत वेगळे आहे, म्हणून ते पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगावे. फोटोवर चालणारी योजना मिळत असेल आणि गाडी खरोखर कमी फिरत असेल, तर ती घ्यायला हरकत नाही. मीटरचा फोटो आपल्याकडेही तारखेसह जपून ठेवावा. ॲपच घ्यायचे झाले तर लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच देऊन योजना चालते का, ते पाहावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक काम करावे. इंटरनेट जोडलेली गाडी पुसदच्या किंवा नागपूरच्या बाजारातून घेतली, आरसी बुकावर नाव चढले, तरी आधीच्या मालकाच्या फोनमधले ॲप त्या गाडीशी जोडलेलेच राहू शकते. तसे असेल तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला अजूनही दिसत असेल. व्यवहाराच्या दिवशीच त्याच्यासमोर त्याचे खाते काढून टाकायला सांगावे, गाडीची स्क्रीन मूळ सेटिंगवर आणावी, आणि स्टिअरिंगखालच्या खाचेत काही अडकवलेले आहे का, ते वाकून पाहावे.